गोल मारल्यावर

माझा घरमालक इटालियन होता आणि एकेकाळी पोटासाठी फुटबॉल खेळला होता, हे मला लीजवर सही केल्यानंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी घर न बघताच सही केली असती. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे माणसाला आधी पेठ विचारतात. पेठ कळली की तालीम कळते आणि तालीम कळली की तो कुठल्या फुटबॉल टीमच्या बाजूने भांडणार तेही कळतं. कुस्तीच्या तालमी फुटबॉलच्या टीम का चालवतात, हे पुण्यातल्या आणि नंतर इथल्या लोकांना समजावून सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हाताऱ्याला मात्र एका वाक्यात समजलं. तो म्हणाला, आमच्या गावात चर्चची टीम होती.

घर मॉन्ट्रियलच्या पूर्वेकडच्या जुन्या इटालियन वस्तीत होतं. खाली तो एकटा, वर मी आणि माझी बायको, मध्ये बाहेरून चढणारा लोखंडी जिना. मी विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामाला होतो, अजूनही आहे. तो फ्रेंच बोलायचा ती इटालियनसारखी आणि मी बोलायचो ती मराठीसारखी, त्यामुळे भाड्याचं किंवा हीटरचं बोलताना आमची दोघांचीही फजिती व्हायची. फुटबॉलचं बोलताना कधीच झाली नाही. मी गोलकीपर होतो हे कळल्यापासून तो मला पोर्तिएरे म्हणायला लागला, म्हणजे त्यांच्या भाषेत गोलकीपर. माझं खरं नाव त्याने पुढे फक्त भाड्याच्या पावतीवर लिहिलं. बायको त्याला 'खालचे आजोबा' म्हणायची आणि गुरुवारी त्याला डाळ-भात नेऊन द्यायची. तो त्यावर चीज किसून घालायचा. ते बघून ती वर येऊन अर्धा तास हसायची.

त्याची सगळी कारकीर्द मी त्याच्याच तोंडून ऐकली, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून, तुकड्यातुकड्याने. समुद्राकाठचं छोटं गाव, बाप न्हावी. सतराव्या वर्षी गावच्या टीममध्ये फॉरवर्ड. बाविसाव्या वर्षी उत्तरेकडच्या एका मोठ्या क्लबने नेला. सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये अकरा मॅच खेळला, गोल एक. तोही दुसऱ्याने मारलेला बॉल ह्याच्या पाठीला लागून आत गेला म्हणून. हे सांगताना तो पाठ वळवून नेमकी जागा दाखवायचा. मग खालच्या डिव्हिजनमध्ये एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे, आणि तिशी ओलांडल्यावर एका मामेभावाच्या बोलावण्यावरून इथे. इथली टीम तीन वर्षांत बंद पडली. त्यानंतर तीस वर्षं त्याने मॉन्ट्रियलच्या लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवल्या. गुडघे फुटबॉलने निम्मे घालवले होते, उरलेले टाइल्सनी घालवले. फॉरवर्ड माणसाने आयुष्य गुडघ्यावर बसून काढावं, ह्याचं मला वाईट वाटायचं. त्याला वाटत असलं तरी त्याने कधी दाखवलं नाही.

त्याच्या हॉलमध्ये खेळाचा एकच फोटो होता. कुठल्यातरी वर्तमानपत्रातून कापलेला, पिवळा पडलेला, फ्रेममध्ये घातलेला. तरुणपणचा तो मैदानात उभा आहे, दोन्ही हात छातीपर्यंत वर, तळवे पुढे, आणि मागे जाळीतला बॉल काढायला वाकलेला गोलकीपर. मी कितीतरी दिवस समजत होतो की तो रेफरीशी ऑफसाइडवरून वाद घालतोय. एकदा विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की तो गोल त्याने स्वतःच्या गावच्या टीमवर मारला होता. फॉरवर्ड लोकांचा एक रिवाज असतो, ज्यांची जर्सी एकदा अंगात घातली त्यांच्यावर गोल मारला तर नाचायचं नाही. हात वर करून माफी मागायची. मला हे टीव्हीवर बघून माहीत होतं, पण तो रिवाज पाळलेला माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच बसला होता. मी त्या फोटोला मनातल्या मनात नमस्कार केला. त्याचं कारण माझा थोरला भाऊ होता.

दादा आमच्या तालमीचा फॉरवर्ड होता, डावखुरा, आणि चार वर्षांनी लहान असलेला मी त्याच टीमचा गोलकीपर. आमचा सराव घराच्या गच्चीवर व्हायचा. त्याने शंभरदा सांगितलं असेल की तू उजवीकडं आधीच पडतोस, बॉल सुटायच्या आत. मी शंभरदा हो म्हणालो असेन आणि परत उजवीकडे पडलो असेन. मग वडिलांना फाउंड्रीतलं काम झेपेनासं झालं, ते घरी बसले. त्याच वर्षी शेजारच्या पेठेच्या तालमीने दादाला सांगितलं की आमच्याकडून खेळ, सहकारी बँकेत चिकटवतो. दादा गेला. आमच्या पेठेत त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी धड बोलेना. मी बोलत होतो. माझा डिप्लोमा त्याच नोकरीवर पुरा होणार होता, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

सीझनच्या शेवटी आमची आणि त्यांची गाठ पडली. स्टेडियम भरलेलं, दोन्हीकडे हलग्या. सत्तर मिनिटं शून्य-शून्य. मग दादा डावीकडून आत आला, समोर फक्त मी. त्याने नुसता खांदा हलवला आणि मी उजवीकडे पडलो. बॉल डावीकडून सावकाश आत गेला. एवढ्याने मी काही म्हणालो नसतो. पण दादा पळत आमच्या पेठेच्या गॅलरीसमोर गेला, जर्सी काढली, डोक्याभोवती गरागरा फिरवली आणि हलगीच्या तालावर नाचला. आमच्याच लोकांसमोर. मी मातीत पडून बघत होतो. त्या दिवसापासून मी दादाशी बोललो नाही. एका घरात राहून दोन वर्षं मी आईला सांगायचो की त्याला सांग, आणि तो आईला सांगायचा की त्याला सांग. मग मी पुण्याला गेलो, तिथून इकडे. आईच्या अंत्यविधीला आम्ही शेजारी शेजारी उभे होतो, काय हवं नको ते भटजींमार्फत बोललो. ह्या सगळ्याला वीस वर्षं झाली. लोक मला रागीट म्हणत नाहीत, कारण मी आवाज चढवत नाही. मी नुसता फुगून बसतो, आणि ते मला फार चांगलं जमतं.

म्हाताऱ्याच्या परसात अंजिराचं झाड होतं. इथल्या थंडीत अंजीर जगत नाही, म्हणून इटालियन लोक ऑक्टोबरमध्ये ते चक्क पुरतात. एका बाजूची मुळं तोडायची, झाड वाकवून चरात आडवं करायचं, वर फळ्या, जुना गालिचा, पालापाचोळा आणि माती. एप्रिलमध्ये परत उकरून उभं करायचं. गेली तीन वर्षं खणायचं काम माझ्याकडे होतं. तो उलट्या बादलीवर बसून हुकूम सोडायचा आणि मी कुदळ कशी धरतो ह्यावर नाराज व्हायचा. ह्या वेळी झाड आडवं करून झाल्यावर आम्ही कॉफी घेत बसलो होतो, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी त्याला दादाची सगळी गोष्ट सांगितली. जर्सी कशी फिरवली तेही हाताने करून दाखवलं. शेवटी म्हणालो, तुम्ही बघा, सख्ख्या गावावर गोल मारून हात वर करून माफी मागितलीत, आणि हा सख्खा भाऊ. शाबासकी मिळणार ह्या खात्रीने मी कप खाली ठेवला.

त्याने आपला कप बादलीशेजारी ठेवला. मग म्हणाला, "तुझा भाऊ खोटं बोलला नाही, पोर्तिएरे. खोटं मी बोललो."

मग त्याने त्या फोटोची उरलेली गोष्ट सांगितली. सीझनची शेवटची मॅच होती. तेव्हा तो खालच्या डिव्हिजनमध्ये आला होता. त्याच्या नव्या क्लबला त्या मॅचचं काही सोयरसुतक नव्हतं, आणि गावच्या टीमला त्या डिव्हिजनमध्ये टिकून राहायला फक्त बरोबरी हवी होती. त्याने कोचला विनवलं होतं की मला आज बसव. कोच म्हणाला, पगार घेतोस ना, मग खेळ. शेवटच्या दहा मिनिटांत उजवीकडून क्रॉस आला, त्याने तो छातीवर घेतला आणि खाली पडायच्या आत डाव्या पायाने मारला. इतका सुंदर गोल त्याने आधी कधी मारला नव्हता, पुढेही मारला नाही. त्याला आतून नाचावंसं वाटलं. तरी त्याने हात वर केले, कारण तसं करायचं असतं. गावची टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. गावातल्या प्रत्येक हनुवटीवर त्याच्या बापाचा वस्तरा फिरायचा. ती माणसं आता दुसऱ्या न्हाव्याकडे जायला लागली. बाप त्यावर एक अक्षर बोलला नाही. पण महिन्याने पोस्टाने एक पाकीट आलं. आत वर्तमानपत्रातला तो फोटो, आणि मागे बापाच्या अक्षरात एकच ओळ.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"हात नको बघूस, डोळे बघ."

त्याने बापाला फोन केला आणि शपथ घेऊन सांगितलं की मला खरंच वाईट वाटत होतं. पुढे दरवर्षी तेच सांगत राहिला. बाप फक्त म्हणायचा, बरं. हा इकडे आला, टाइल्स बसवायला लागला, तिकडे बाप गेला. "त्याला माझा गोल आवडला असता," म्हातारा म्हणाला. "मी एकदा कबूल केलं असतं तर आम्ही दोघं त्या गोलबद्दल बोललो असतो. मी त्याला नुसती माफीच ऐकवत राहिलो." मग माझ्याकडे वळून त्याने अगदी सहज विचारलं की तुला राग कशाचा आला होता, भाऊ नाचला त्याचा, की तू चुकीच्या बाजूला पडलास त्याचा.

मला हे झोंबलं. मी कुदळ फळीला टेकवून वर निघून आलो, आणि राहिलेली माती त्याने कशी ओढली असेल ते विचारलंही नाही. त्यानंतर दोन महिने मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. बायकोच्या लगेच लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, आता खालच्या आजोबांशी पण? ह्या स्पीडने विंटर संपेपर्यंत माझ्याशी बोलायला कोण उरणार तुमचं?" मी म्हणालो तसं काही नाही, कारखान्यात काम फार आहे. त्याच्या दारासमोरचं स्नो मात्र मी न चुकता शोव्हल करत होतो. तो खिडकीतून हात करायचा आणि मीही करायचो. हे पुरेसं आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी बायको डाळ-भात घेऊन गेली, तर दार उघडेना. झोपेतच गेला होता. त्याची मुलगी टोरांटोजवळच्या व्हिटबीहून आली, ती आमच्या वयाची, कामाची, रडण्यासाठी वेळ न मिळालेली. फ्युनरल होममध्ये तिने वडिलांचे फोटो मांडले होते. लग्नाचा, टाइल्सच्या व्हॅनसमोरचा, आणि मधोमध तो मैदानातला. वस्तीतले म्हातारे एकेक करून त्या फोटोसमोर थांबत होते. मुलगी प्रत्येकाला सांगत होती की पपांनी आपल्या माणसांवर गोल मारून कधी आनंद साजरा केला नाही, असे होते माझे वडील. म्हातारे मान डोलवत होते. एकाने तर छातीवर क्रॉस काढला.

माझी पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदा डोळे बघितले. इतकी वर्षं मी त्या हॉलमध्ये बसून हातच बघत आलो होतो. डोळे हसत होते. नुसते हसत नव्हते, त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराला जग जिंकल्यासारखं झालं होतं आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. फ्रेमच्या मागे काय लिहिलंय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मुलीने मला विचारलं की तुम्ही पपांशी फुटबॉलबद्दल बोलायचात ना. मी हो म्हणालो आणि तुमचे वडील फार मोठे खेळाडू होते म्हणालो. त्याहून जास्त बोलायचं माझं धाडस झालं नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी फोन काढला. दादाचा नंबर माझ्याकडे होता, वहिनीने प्रत्येक दिवाळीला मुद्दाम पाठवलेला. मला काय बोलायचंय ते अगदी ठरलं होतं. गोल चांगला होता, एवढंच. पण तिकडे आता रात्र झाली असेल म्हणून फोन खिशात ठेवला. रविवारी वाटलं, सुट्टीच्या दिवशी फोन केला तर त्याला वाटेल काहीतरी झालंय. नंतरच्या आठवड्यात ऑडिट होतं. असं करता करता फेब्रुवारी गेला. वीस वर्षं थांबलेल्या माणसाला चार आठवडे म्हणजे काहीच नाही, असं मला वाटत होतं. ह्या वाटण्याची मला आज शरम वाटते.

मार्चमध्ये तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली. दादा बँकेत कामावर असतानाच खुर्चीवरून कोसळला, मेंदूत रक्तस्राव, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ग्रुपवर आमच्याच पेठेतल्या लोकांनी हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावली होती. ह्यांच्यातल्या निम्म्यांनी त्याला गद्दार म्हटलेलं मी ऐकलं होतं. मी स्वतः तोंडाने म्हटलं नव्हतं, पण त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं मनात धरलं होतं.

हॉस्पिटलमधून त्याला घरी आणायला दोन आठवडे लागले. घरी आणल्यावर रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल केला, तिकडे दिवेलागण झाली होती. वहिनीने फोन उचलला आणि माझा चेहरा बघून तिला काही सुधरेना. मग म्हणाली, "भावजी, त्यांना समजतंय सगळं. बोलता येत नाही फक्त. तुम्ही बोला, मी फोन धरते."

समोर दादा आला. पलंगाला टेकवून बसवलेला, दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. मांडीवर पांढरा नॅपकिन, लाळ पुसायला. डावा हात त्यावर ठेवलेला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी कसा आहेस विचारलं, आणि विचारल्यावर लाज वाटली. मग म्हणालो, "दादा, तो गोल एक नंबर होता तुझा. तू सांगत होतास तसंच झालं. मी उजवीकडं आधीच पडलो."

त्याच्या ओढलेल्या तोंडात काहीतरी हललं. घशातून आवाज आला, शब्द नव्हता. मी मूर्खासारखा बोलतच राहिलो. डिप्लोमा तुझ्यामुळं झाला म्हणालो. मी रडत होतो आणि माझी बायको दारात उभी राहून हे बघत होती. दादाचे डोळे मात्र कोरडे होते. मी ते नीट बघितले, ते हसत होते. तसे डोळे मी आधी कुठे बघितलेत हे मला त्याच क्षणी कळलं.

मग त्याचा डावा हात हलला. बोटांनी नॅपकिन चाचपला, मुठीत धरला. हात छातीपर्यंत आला, तिथे थांबला, परत वर सरकला, कानापर्यंत. तिथे त्याने नॅपकिन फिरवला. एक पुरा फेराही झाला नाही, अर्धा झाला असेल, आणि हात उशीवर पडला. नॅपकिनचं टोक त्याच्या गालावर आलं.

वहिनीला वाटलं तोंड पुसायला मागतायत. "थांबा हं," असं म्हणत तिने तो हातातून सोडवून घेतला आणि फोन तसाच धरून त्याचं तोंड पुसायला लागली. दादा तिच्या हातामागून माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "वहिनी, पुसू नका. तो त्याच्या हातात परत द्या."